वाचायला लावणारे माणिककाका

आदरणीय माणिकराव वाहुळे यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या नगरपालिकेच्या सभागृहात. आम्ही वस्तीतले लोक दाराशी उभे होतो, काका आत नगरसेवकांत. शाळेसाठी राखून ठेवलेल्या मैदानाचं आरक्षण उठवायचा ठराव सभा संपता संपता ‘ऐनवेळचा विषय’ म्हणून आला. असे विषय न वाचताच मंजूर होतात. नगराध्यक्ष ‘मंजूर’ म्हणणार तेवढ्यात काका उठले. "वाचून दाखवा."

"काका, जेवायचंय लोकांना," मागून कुणीतरी म्हणालं.

"मैदान कोण जेवतंय तेवढं वाचा, मग जावा."

हशा झाला, पण वाचावं लागलं. जमीन कुणा बिल्डरला जाणार हे आम्हाला तेव्हा कळलं. ठराव मंजूर झालाच. विरोधात हात एकट्या काकांचा. निम्म्या सभागृहाच्या निवडणुकीचा खर्च त्याच बिल्डरनं केला होता. काकांनी हे स्वतःच्या पक्षाच्या बैठकीतही बोलून दाखवलं, आणि पुढच्या खेपेला त्यांचं तिकीट कापलं गेलं.

त्या दिवसांत मी जगावर चिडलेला असायचो. जिच्यासाठी संभाजीनगरला कॉलेजात जायचो, तिचं लग्न ठरलं आणि दुसऱ्या वर्षालाच मी कॉलेज सोडलं. काकांनी विचारलं, "पोरगी चांगली होती का?"

"लई."

"मग रड की. कॉलेजनं काय केलं तुझं?"

कॉलेज सुटलं ते सुटलंच. काकांनी मला मैदानाच्या ठरावाविरुद्ध लोकांच्या हरकतींचे अर्ज लिहायला बसवलं. तिची आठवण गेली नाही, अक्षर तेवढं सुधारलं.

आणि मीच घाण केली. त्या हरकतींच्या सुनावणीच्या दिवशी बिल्डरचा माणूस मला म्हणाला, "शाळा मागतोस? तू शिकून काय दिवे लावले?" मी त्याची कॉलर धरली. पोलीस आले. हरकत सांगायला रांगेत उभ्या असलेल्या वस्तीतल्या बाया घाबरून घरी गेल्या. अहवालात शेरा पडला : हरकतदार गैरहजर. चौकीतून मला सोडवायला काकाच आले. शिव्या देतील वाटलं होतं. त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, "मारामारीत ते हरत नाय रे. कागद मोठ्यानं वाचला की त्यांना घाम फुटतो."

आरक्षण उठवायची फाइल तेव्हापासून मुंबईत मंत्रालयात शेवटच्या सहीसाठी पडून आहे. सरकारं बदलली, खुर्चीवरचे साहेब बदलले, बिल्डर तोच. ती सही होऊ नये म्हणून काका दर दोन-तीन महिन्यांनी जातात, बाकावर बसतात, परत येतात. या गौरव अंकाचा खर्च करायलाही तो बिल्डर तयार होता. काका म्हणाले, "त्याच्या पैशानं माझं कौतुक छापलं, तर उद्या कुठल्या तोंडानं अडवू त्याला?" म्हणून अंक असा पातळ आहे. वाचकांनी समजून घ्यावं.

आता पंचाहत्तरीत त्यांचे गुडघे धरतात, साखर वाढते. मैदान वाचेल का, मला खरंच माहीत नाही. सही अजून झालेली नाही आणि पोरं तिथं खेळतात, एवढंच आज सांगता येतं.

काका, पुढच्या खेपेला मुंबईला मी एकटा जातो. कुणी काहीही बोललं तरी डोकं शांत ठेवतो. तुम्ही घरी पाय पसरून निवांत झोपा. औषध वेळेवर घ्या. तुम्ही आम्हाला लई वर्षं पाहिजे आहात, तेवढं जगा.