राखणदाराला विचारून उडणारा आतेभाऊ

माझ्या इब्रामपूरच्या आतेभावाइतका भित्रा माणूस अख्ख्या पेडणे तालुक्यात झाला नसेल, आणि हेलिकॉप्टर चालवायचं खूळ घेतलं तेही नेमकं त्यानंच. गोवा राज्य झालं त्या वर्षीचा त्याचा जन्म. विहिरीत तो कधी डोकावला नाही, कारण खालून कुणीतरी वर बघतं म्हणे. वडाखालून जाताना सायकलवरून उतरून चालायचा. कुणाच्याही घरी गेला की उंबऱ्याबाहेर थांबून 'येवं मरे?' विचारायचा, आणि घरच्यांनी 'ये रे' म्हटलं तरी आणखी कुणाच्या तरी होकाराची वाट बघत क्षणभर तसाच उभा. घोंगडी पांघरून, हातात दांडा घेऊन गावची शीव राखणारा देवचार, म्हणजे राखणदार, त्याच्या लेखी पंचायतीच्या सेक्रेटरीपेक्षा खरा होता. देवचार निदान आपल्या जागेवर तरी असतो.

लोक उड्डाणशाळा निवडताना यंत्रं बघतात, पुढे नोकरी लागेल का ते विचारतात. हा मला सोबतीला घेऊन घाटापलीकडच्या शाळा हिंडला आणि प्रत्येक ठिकाणी, चकचकीत हेलिकॉप्टर दाखवून झाल्यावर, एकच विचारत राहिला, "इथला राखणदार कोण?" पहिल्या शाळेत त्यांनी फाटकावरच्या वॉचमनकडे बोट दाखवलं. दुसरीतला मॅनेजर म्हणाला, "सर, सगळीकडे कॅमेरे आहेत." तिसऱ्या ठिकाणी लष्करातून निवृत्त झालेले एक मिशाळ प्रशिक्षक चहा पीत बसले होते. ते हसले नाहीत. कप खाली ठेवून म्हणाले, "मैदानाच्या टोकाला ती बाभळ दिसते ना, तिथं एक आहे. त्याच्या डोक्यावरून जायचं नाही. वळसा घालायचा." भावानं तिथल्या तिथं नाव घातलं.

हेलिकॉप्टर पुढे नेणं सोपं, हवेत एका जागी थांबवणं महाकठीण. भावाचं यंत्र सुरुवातीला खुंट्याला बांधलेल्या रेड्यासारखं चौफेर हिसके द्यायचं. प्रशिक्षक ओरडायचे, "दांडा आवळू नका हो, नुसतं मनात आणा!" पण हा चिकट. दर वेळी दार उघडण्याआधी यंत्रालाही 'येवं मरे?' विचारून आत बसायचा. हळूहळू जमत गेलं.

पहिल्यांदा एकट्यानं उडायचा दिवस आला तेव्हा मी मुद्दाम गेलो होतो. सकाळची वेळ, मैदानावर विरळ धुकं. तो नीट वर गेला, फेरी मारून परत आला, आणि बाभळीच्या अलीकडे हवेत थांबला. इतका स्थिर, की भिंतीवर टांगलेलं चित्र वाटावं. किती तरी वेळ तो हलेना. मग सावकाश वळसा घालून उतरला.

"मध्येच का थांबलात?" प्रशिक्षक धावत गेले.

"ते खालून जात होते," भाऊ म्हणाला. "म्हातारे आहेत, हळू चालतात."

प्रशिक्षकांनी माझ्याकडे बघितलं. "अहो, मी ते थट्टेनं सांगितलं होतं," ते हळूच म्हणाले. "तिथं कुणी नाही."

आम्ही तिघं बाभळीपाशी गेलो. पंख्याच्या वाऱ्यानं दवानं भिजलेलं गवत गोलाकार झोपलं होतं, आणि त्या गोलातून, कुणी पाय ओढत गेल्यासारखी, एक सरळ वाट कुंपणापर्यंत गेली होती. कुंपणापलीकडे गवत ताठ उभं होतं. प्रशिक्षकांनी डोक्यावरची टोपी काढली. दुसऱ्या दिवसापासून ते स्वतःही तिथं वळसा घालू लागले.

आता भाऊ मुंबईपुढच्या समुद्रात, तेलविहिरींवरच्या कामगारांची ने-आण करतो. चवथीला, गणपतीत तेवढा घरी येतो. गेल्या खेपेला जेवताना आत्यानं समुद्रावर भीती वाटते का ते विचारलं, "थंय दर्यार भंय दिसना रे तुका, पूता?"

"ना गे आई," तो पानाकडे बघत म्हणाला. "थंय कोणूच ना."

तिथं कुणीच नाही, हे त्यानं अशा आवाजात सांगितलं, की भीती असती तर तेवढीच सोबत झाली असती. आत्यानं त्याच्या पानात आणखी एक नेवरी, खोबऱ्याची करंजी, वाढली, शेजारी बसली, आणि तो जेवून उठेपर्यंत त्याच्या पाठीवरचा हात काढला नाही.