चामखीळ दिसेल असा कॅमेरा

वटारच्या माझ्या आत्याच्या चेहऱ्यावर गोंदणाचे हिरवे ठिपके आहेत, हनुवटीवर तीन आणि कपाळावर एक. फोनने तिचा फोटो काढला तर ते सगळे गायब. चेहरा उकडून सोललेल्या बटाट्यासारखा गुळगुळीत. आत्याने फोन परत दिला आणि म्हणाली, "सोनंनानं सगलं इथंच रहाते. गोंदन तेवढं संगाती येते. तेच नाय, त मला वर कोन वलखल?"

आपल्यामागे भिंतीवर लागायचा फोटो तिला जिवंतपणी बघून ठेवायचा होता. शिवाय तिची हळदीची गाणी आता घरात कुणालाच धड येत नाहीत, तीही मला टिपायची होती. म्हणून फोटो आणि व्हिडिओ दोन्ही खरे निघतील असा कॅमेरा घ्यायचं ठरलं.

आत्याला दुकानोदुकानी कुठे फिरवणार? माझ्या नाकाशेजारी जन्मापासूनची चामखीळ आहे, तिचीच कसोटी लावली. विरारच्या पहिल्या दुकानात विक्रेत्याने कॅमेरा माझ्यावर रोखला आणि पडदा कौतुकाने माझ्याकडे वळवला. आत कुणीतरी गोरी बाई होती. चामखीळ नव्हती. "मॅडम, स्किन बघा, एकदम क्लीन येते." मला किळस आली. शेजारी लग्नाच्या ऑर्डरी घेणारा एक जण उभा होता. तो हसत सांगू लागला, की नवरी उजळ दिसली नाही तर मुलीकडचेच अल्बम परत आणतात. मी तिथून निघाले.

दुसऱ्या दुकानात फोटोत चामखीळ आली, व्हिडिओत गेली. हे गुळगुळीत करणं बंद कसं करायचं, असं विचारलं तर विक्रेता मलाच समजावू लागला, की लोक उलट चालू करून मागतात. शेवटी मीच मेनूत शिरून ते बंद केलं आणि त्याला फोटो काढायला लावला, मग व्हिडिओ. दोन्हींत चामखीळ जशीच्या तशी, वरच्या केसासकट. "नंतर घालवता येते," तो हळूच म्हणाला. मी तोच कॅमेरा घेतला.

रविवारी वाडीत केळींच्या सावलीला आत्याने गाणी म्हटली, दम लागला की थांबत, पाणी पीत. मग ताठ बसून फोटो काढून घेतला. पडद्यावरच्या एकेका ठिपक्याला तिने बोट लावून पाहिलं.

फ्रेमचं काम आतेभावाने अंगावर घेतलं आणि तिथे माती झाली. फ्रेमवाल्याने आपणहून ‘डाग’ काढले, वर रंगही उजळवला. घरात सगळे खूश, आई किती छान दिसते म्हणे. असल्या कौतुकाची मला शिसारी येते. दुसरा छापून आणते म्हटलं, तर आतेभाऊ म्हणाला, एवढा चांगला फोटो टाकून कशाला द्यायचा. आत्या उठली. आत जाऊन नातीच्या काजळाची डबी घेऊन आली आणि काचेवर बोटाने ठिपके लावले, अगदी जागच्या जागी.

पुढच्या रविवारी गेले तर काच लखलखीत.

"डाग पडलेले, पुसले मी," वहिनी म्हणाली.

आत्या तिथेच बसली होती, हनुवटी पदराने झाकून.