अडीच वर्षांचं औषध

हट्ट्याच्या फाट्यावर परभणीची बस आली तेव्हा आई हळदीत खुरपत होती. ती तशीच धावत आली, हात मातीचे. बाबांनी माझी पेटी सीटखाली सरकवली आणि ते खाली उतरले. आई खिडकीतून म्हणाली, "पोटभर जेवत जाय. कोणी हसलं तं हसू दे." मी डॉक्टर व्हायला मुंबईला निघाले होते.

हसलेच. हॉस्टेलात माझं 'न्हाई' आणि 'काहून' वर्षभर गाजलं. मग मी बोलणं बदललं. पुढच्या दिवाळीत बाबा म्हणाले, "टीव्हीवरच्या बाईवानी बोलून राहिली गं तू." मी हसले, पण ते लागलं.

पुढं लहान मुलांचे रक्ताचे आजार आणि कॅन्सर यांतच शिकत गेले. पुण्यात नोकरी लागली, लग्न झालं, फ्लॅट झाला. गावाकडचं बोलणं फोनपुरतं उरलं. माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांना हे सांगायला नको.

मग एक दिवस आमच्याच जिल्ह्यातल्या कनेरगाव नाक्याजवळच्या तांड्यावरून रामधनदादा आमच्या हॉस्पिटलात आले. सोबत बायको आणि सहा वर्षांची पूजा. पूजाला रक्ताचा कॅन्सर होता. महिनाभराच्या औषधानं ताप गेला, ती जेवायला लागली, तपासणीत रक्त साफ आलं. त्याच दुपारी दादा पिशव्या बांधायला लागले. पोरगी बरी झाली, आता पेरणी आली. माझ्या ज्युनिअर डॉक्टरनं छान शुद्ध मराठीत समजावलं. दादा मान हलवत होते आणि गाठी मारत होते.

मी खाटेवर बसले आणि तोंडातून निघून गेलं, "दादा, काहून घाई करून राहिले?"

त्यांचे हात थांबले. "तुमी कुठल्या?"

"हट्ट्याची. सांगा, सोयाबीनातला लव्हाळा वरून उपटला. रान साफ दिसतं. खाली गाठ राहिली तं?"

"पंधरा दिवसात परत वर."

"हे बी तसंच. अडीच वर्षं औषध लागतं."

त्यांनी पूजाकडं बघितलं. मग बायकोला म्हणाले, "सोड पिशव्या."

सोपं काही नव्हतं. पूजाचे केस गेले. दोनदा तापानं अतिदक्षता विभागात न्यावं लागलं. दुसऱ्यांदा मीच घाबरले होते. सगळीच मुलं यातून घरी परत जात नाहीत, आणि जी गेली नाहीत त्यांची नावं मला पाठ आहेत. पण पूजा बरी होऊन घरी गेली. तिचं औषध थांबून आता पाच वर्षं झाली.

या मे महिन्यात मी हट्ट्याला होते. दादांनी कुठं दाखवायचं ते फोन करून विचारलं आणि पूजाला घेऊन घरीच आले. ओसरीवर बाजेवर झोपवून मी तिचं पोट तपासलं, मानेच्या गाठी चाचपल्या, रिपोर्ट वाचला. सगळं ठीक होतं. "आता वर्षानं दाखवा," मी म्हटलं.

"कुठं येऊ, म्याडम? पुण्याला का इथं?"

मी उत्तर देण्याआधी आई आतून ओरडली, "इथंच या म्हणावं! तुमच्या निमित्तानं ही बी येईल."

मी पूजाच्या फाइलवर पुढच्या मे महिन्याची तारीख टाकली. ठिकाणाच्या रकान्यात लिहिलं, हट्टा.