दाराबाहेरचा बूट
नव्या रबराचा वास आला की देवळीचे ते काका आठवतात. त्यांच्या आखूड पायासाठी आमच्या टीमने जाड तळाचा बूट करून दिला होता. महिन्याभराने चाल मोजायला आमच्या प्रयोगशाळेत कमरेला, गुडघ्यांना चमकत्या गोळ्या चिकटवून त्यांना कॅमेऱ्यांसमोर चालवलं, तर पडद्यावर लंगडणं तस्संच. "घरी बूट घालतच नसणार," इंजिनिअर पुटपुटला. मलाही तोच संशय होता, म्हणून दरडावूनच विचारलं. "रोज घालतो जी. तुमाले खोटं काऊन सांगू?" काका म्हणाले. तरी मी अहवालात 'बूट वापरत नाही' असं लिहून टाकलं. निघताना ते प्रयोगशाळेच्या दाराबाहेर वाकून तोच बूट पायात चढवत होते. टाच पार झिजलेली. दारावर पाटी होती, 'पादत्राणे बाहेर काढावीत'. ती पाटी आता माझ्या खणात आहे. अक्षर माझंच.