पाच दिनारांची परीक्षा

एप्रिल १९८६चा पहिला शुक्रवार. रक्कम पाच दिनार. बहारीनमधल्या मनामा शहरात, पैसे पाठवायच्या दुकानात आम्ही तिघे होतो: मी, काउंटरवरचा मल्याळी आणि माझ्या पुढचा फिलिपिनो वेल्डर. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही; तिथल्या रिवाजाप्रमाणे नुसतं 'सदीक', म्हणजे अरबीत मित्र, म्हणायचो. वादळात त्याच्या घराचं छप्पर उडालं होतं आणि नव्या पत्र्यांसाठी त्याच्याकडे शंभर दिनार साठले होते, तरी तो पाचच पाठवत होता.

"काय सदीक, लोकांनी तुमचा हुकूमशहा पळवून लावला. आता तरी सगळे पाठव!" मी छेडलं.

त्याने पावती उजेडात धरून दोनदा वाचली. "राष्ट्राध्यक्ष बदलला. गावच्या बँकेतला कारकून तोच आहे. दरवेळी बायकोकडून चहापाणी घ्यायचा."

मे महिन्यात त्याने बायकोचं पत्र दाखवलं. पाचही दिनारांचे पैसे मिळाले होते, वर कारकुनाने उठून तिला खुर्ची दिली होती.

"मग भर की शंभर!"

"खुर्ची दिली, त्याचीच भीती वाटते."

मी हसलो नाही. आणीबाणी उठल्यावर आमच्या तहसील कचेरीत मलाही अशीच खुर्ची मिळाली होती. दाखला मात्र सहा महिन्यांनी मिळाला.

त्या दिवशी त्याने बायकोच्या नावे पन्नास दिनार भरले, म्हणजे अर्ध्या छपराचे.