सात वाजून पाच मिनिटांची खुशाली

बस डेपोत तीस वर्षं वेळापत्रकं आखणाऱ्या माणसाला लोक टायमटेबलकाका म्हणणार नाहीत, तर काय म्हणणार? काका निवृत्त झाले आणि आखायला बस उरली नाही. मग त्यांनी लेकीच्या कॉलेजच्या वेळचा कॉम्प्युटर माळ्यावरून खाली काढला. भंगारवाल्यानंही नाक मुरडलं असतं असा तो डबा! पण काकांनी पुस्तक समोर ठेवून, चष्मा पुसत पुसत त्यावर लिनक्स हे फुकटचं सॉफ्टवेअर चढवलं आणि डबा चक्क चालायला लागला. त्यात एक सोय होती: अमुक काम अमुक वाजता कर, असं एका ओळीत लिहून ठेवलं की तो ते मुकाट्याने करायचा. काकांना स्वर्ग दोन बोटं उरला.

सहाला बातम्या. आठला गोळीची घंटा. नऊला पाण्याचा पंप बंद करायची आठवण, आणि ती इतकी कर्कश की शेजारीणबाईही आपला पंप त्यावरच बंद करायच्या. "ड्रायव्हर दांडी मारतात, हा नाही मारत," काका ऐटीत सांगायचे.

आणि सात वाजून पाच मिनिटांनी लेकीला मेल. आई गेल्यावर तिने अटच घातली होती, "रोज सकाळी दोन ओळी लिहा. नाही आल्या, तर घराला कुलूप लावून माझ्याकडे यायचं." लेक दुसऱ्या शहरात, सातव्या मजल्यावर, आणि काकांना काही झालं तरी आपलं घर सोडायचं नव्हतं. महिनाभर त्यांनी स्वतः लिहिलं. पण एकट्या माणसाच्या घरात रोज लिहिण्यासारखं काय घडतं, डोंबल? शेवटी त्यांनी एका बैठकीत नव्वद मेल लिहून टाकल्या, थंडी-पावसाचा उल्लेख टाळून, आणि त्याच आलटूनपालटून रोज पाठवायचं काम डब्यावर सोपवलं. चार वर्षं कुणाला पत्ता लागला नाही.

मग एका सोमवारी काका न्हाणीघरात घसरले. शेजारीणबाईंनी माणसं जमवून त्यांना इस्पितळात नेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन करावं लागेल. घरचं माणूस बोलवा." काकांनी "उगाच कशाला तिला त्रास?" म्हणत दोन दिवस ढकलले. तिसऱ्या दिवशी बाईंनी ऐकलं नाही. काकांच्या उशाशी उभं राहूनच त्यांनी लेकीला फोन लावला.

"इस्पितळात?" लेक फणकारली. "अहो, आज सकाळीच बाबांची मेल आलीय. बागेला दोन फेऱ्या मारून आलेत, तब्येत ठणठणीत आहे. असले फसवणुकीचे धंदे बंद करा!" आणि फोन कट.

"काय हो काका," बाई बघतच राहिल्या, "तुम्ही फेऱ्या कधी मारल्या?"

काकांनी फोन मागून घेतला आणि स्वतःच पुन्हा लावला. "मीच बोलतोय गं. ती मेल मी नाही लिहिली. कॉम्प्युटर पाठवतो."

"कधीपासून?"

"चार वर्षं झाली."

"कामावर निघताना लिफ्टमध्ये वाचते मी ती," लेक हळूच म्हणाली. "रोज. उत्तर दिल्याशिवाय लिफ्टबाहेर पाय टाकत नाही."

काकांचा चेहरा उतरला. स्वतःची इतकी लाज त्यांना जन्मात वाटली नव्हती. "उत्तरं मी वाचतो गं. सगळी. दोनदोनदा वाचतो."

"मग आता तुमच्या तोंडून सांगा. कसे आहात?"

"ठी..." सवयीने ओठांवर आलंच होतं. काकांनी ते गिळलं.

"दुखतंय गं," ते म्हणाले. "खूप दुखतंय. तू ये."