सासूबाईंचं नाक आणि पेट्रोलची नळी

मला वास येत नाही, हे आधी सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी मोठा ताप आला होता. ताप गेला, खोकला गेला, ऑफिसातल्या लोकांची सहानुभूती तर त्याआधीच गेली. पण नाकाचं काम जे थांबलं ते थांबलंच. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. मी वाट बघणं सोडून दिलं. नेरुळात राहून खाडीजवळच्या ऑफिसात जाणाऱ्या माणसाचं वासावाचून फारसं अडत नाही.

म्हणून त्या उन्हाळ्यात लिफ्टमध्ये लोक माझ्यापासून लांब उभे राहायला लागले, तेव्हा मला वाटलं, वयामुळे आपल्याला मान मिळतोय. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने एकदा विचारलं, "काय रे, पेट्रोल पंपावर पार्टटाइम धरलास का?" मी हसलो. विनोद कळला नाही, पण तो वरिष्ठ होता.

बायको माझ्या गाडीत बसत नसे. एसी बंद पडल्यापासून तिने गाडीशी अबोला धरला होता. गाडी म्हणजे वीस वर्षांची पांढरी, छोटी गाडी. मी ती सेकंडहँड घेतली तेव्हाच तिने पुष्कळ जग पाहिलेलं होतं. एकूण काय, गाडीत मी एकटाच, आणि मला वास येत नाही.

मग साताऱ्याकडून सासूबाई महिनाभर राहायला आल्या.

त्यांना घ्यायला मी गाडी घेऊन हायवेवर गेलो. बॅग डिकीत ठेवली, त्यांना पुढे बसवलं, प्रवास कसा झाला वगैरे विचारलं. नाक वर करून त्या गाडीच्या छताकडे बघत होत्या. पहिल्या सिग्नलला गाडी थांबली तशा त्या दार उघडून खाली उतरल्या.

"आई, अहो, काय झालं?"

"बंद करा गाडी, जावईबापू. पेट्रोल गळतंय."

"नाही हो, तसं असतं तर..." तसं असतं तर मला काय कळलं असतं, हे मला पुढे सांगता येईना.

"बंद करा म्हंते ना! म्हातारी जळाली तर पावण्यांना काय सांगशीला?"

मी गाडी बंद केली. सोसायटी तिथून दोन वळणांवर. मी एका हाताने स्टिअरिंग धरून गाडी ढकलतोय आणि पुढे सासूबाई पदर खोचून रस्ता मोकळा करतायत, "सरका, सरका, बिडीकाडी इजवा!" अशी आमची वरात सोसायटीत शिरली. वॉचमनने सलाम करायला उचललेला हात तसाच नाकाला लावला.

सासूबाईंचं नाक ही त्यांच्या गावातली नामांकित गोष्ट आहे. कुणाच्या घरी दूध उतू जाणार, हे त्या आधीच सांगतात. त्यांनी चहासुद्धा न घेता पार्किंगमध्ये गाडीभोवती एक फेरी मारली. डोळे मिटलेले, हात पाठीमागे. मागच्या चाकापाशी थांबल्या, वाकल्या आणि बोट दाखवून म्हणाल्या, "हितं."

मी मोबाइलचा टॉर्च लावून खाली पाहिलं. गाडीच्या पोटाखालून जाणाऱ्या नळीला एक थेंब लोंबत होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. नेहमीच्या गॅरेजवाल्याने फोनवर गाडीचं वय ऐकलं आणि म्हणाला, "साहेब, हिचे पार्ट आता फक्त आठवणीत मिळतात." शेवटी वॉचमनने खाडीकाठच्या सारसोळे गावातला एक माणूस सांगितला. तो मुळात होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. आला तो अर्ध्या चड्डीवर, खांद्यावर हत्यारांची पिशवी. नाव कोणी विचारलंच नाही, सगळे त्याला मिस्त्री म्हणायला लागले.

त्याने सगळ्यात आधी बॅटरीची वायर काढली, टाकीतलं पेट्रोल कॅनमध्ये उतरवलं आणि कॅन उघड्यावर लांब नेऊन ठेवला. वॉचमनच्या हातात वाळूची बादली दिली. "तू हितं उबा ऱ्हा. आग दिसली का वत." वॉचमनला नोकरीत पहिल्यांदाच नेमकं काम मिळालं होतं. तो दिवसभर बादली धरून उभा राहिला.

मिस्त्री गाडीखाली सरपटत गेला आणि आतून त्याचा आवाज आला. "शेठ, यो पाइप नाय, पापर हाय पापर! खारा वारा लागून पार खाल्लाय."

सासूबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "किती नळ्या हायती तिथं?"

"दोन, मावशे. एक पेट्रोल नेते, दुसरी उरलेला परत आनते."

"उरलेलं परत आणती?" सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. "बघा. शिका जरा."

उरलेलं परत आणणारी बरी होती. नेणारी गेली होती. मिस्त्रीने क्लिपा सोडवल्या, नळी अलगद धरली, आणि ती त्याच्या हातात पापडासारखी तेरा ठिकाणी तुटली. आता पंचाईत अशी, की नवी नळी सरळ येते. तिला जुनीसारखी वळणं द्यायची तर जुनी समोर हवी. आम्ही तुकडे क्रमाने फरशीवर मांडले. मिस्त्री म्हणाला, पेनाने कागदावर काढून घ्या. एवढा मोठा कागद कुणाच्या घरी असतो?

सासूबाई उठल्या आणि वर जाऊन रांगोळीचा डबा घेऊन आल्या.

त्यांनी एकेका वितीवर एक ठिपका ठेवला, मग तुकड्यांच्या कडेने पांढरी रेघ ओढली. टाकीपासून इंजिनापर्यंत अख्खी नळी पार्किंगच्या फरशीवर उतरली. मिस्त्री कमरेवर हात ठेवून बघत राहिला. "मावशे, तुला मानावा लागंल," म्हणाला, आणि नवी नळी आणायला तुर्भ्याला गेला. सासूबाई जेवून झोपल्या.

इथे माझी चूक झाली. तुकड्यांना पेट्रोलचा वास येतोय अशी वॉचमनची तक्रार होती, आणि नेमका भंगारवाला फाटकाशी आला. रांगोळी तर काढून झाली, आता तुकडे कशाला, असा विचार करून मी ते त्याला देऊन टाकले. फरशी कशी स्वच्छ दिसायला लागली! मी समाधानाने वर जाऊन पंख्याखाली पडलो.

चारला मिस्त्रीचा फोन आला म्हणून खाली गेलो. रांगोळी फार छान दिसत होती. दुपारी काढली तेव्हा इतकी छान होती का, असं क्षणभर वाटलं. पण मला त्यातलं काय कळतं? एक लांब वळणदार वेल, बरोबर मध्ये वळून दुसऱ्या बाजूने तशीच्या तशी परत आलेली, आणि दोन्हीकडे एकेक कमळ.

मिस्त्री नळी हातात धरून रांगोळीभोवती फिरत होता.

"शेठ, ही फुला पन वाकवाची काय?"

"ती शोभेची असतील," मी म्हणालो.

"मंग ठीक हाय."

बॅडमिंटनच्या नेटच्या खांबाला लावून त्याने नळी वाकवायला घेतली. तासभर घाम गाळला. प्रत्येक वळण रांगोळीवर ठेवून बघितलं, अर्ध्या बोटाचा फरक पडू दिला नाही. सगळं तंतोतंत जुळल्यावर तो गाडीखाली गेला. थोडा वेळ ठोकाठोक ऐकू आली. मग ती थांबली.

"शेठ."

"बोला."

"ही टाकीतशी निंगते."

"बरोबर."

"आन टाकीतच जाते."

मी खाली वाकलो. आम्ही दोघं आडवे पडून त्या नळीकडे बघत होतो. ती टाकीपासून निघत होती, डौलदार वळणं घेत पार इंजिनाजवळ येत होती आणि तशीच डौलदार वळणं घेत परत टाकीकडे जात होती. इंजिनाशी तिचा काही संबंधच नव्हता.

एवढ्यात सासूबाई झोप झाल्यावर खाली आल्या. त्यांनी रांगोळीकडे एकदाच बघितलं.

"ही कमळं कुणी काढली?"

जिन्यात पहिल्या मजल्यावरच्या काकू उभ्या होत्या. काकूंनी गणपतीतल्या रांगोळीचं बक्षीस कधी दुसऱ्याच्या घरी जाऊ दिलेलं नाही. त्या कौतुकाच्या अपेक्षेने हसत पुढे आल्या. "मीच. एका बाजूची राहिलीच होती ना तुमची. म्हटलं, पाहुण्या आहेत, दमल्या असतील. दुसरी बाजू मी जुळवून टाकली."

"ती नळी हुती," सासूबाई म्हणाल्या.

"कसली?"

"पेट्रोलची."

काकूंचा चेहरा उतरला. "अगं बाई. मला वाटलं, वेल आहे. तरी म्हटलं, पानं कशी नाहीत."

मी भंगारवाल्याबद्दल सांगितलं. त्यावर तिघांनीही माझ्याकडे जे बघितलं, त्यात काकूंची चूक लगेच झाकली गेली. काकू तर स्पष्टच म्हणाल्या, "अहो, असं कुणी करतं का?"

सासूबाई मात्र शांत होत्या. त्यांनी झाडू मागवला. "रेघ पुसू द्या. ठिपकं माझ्या ध्यानात हायती." त्या डोळे मिटून सांगायला लागल्या. "टाकीपास्नं चार ठिपकं सरळ. मग उजवीकडं एक. मग जरा वर, चाक टाळून. मग सहा सरळ..." पन्नास वर्षं ठिपक्यांच्या रांगोळ्या काढलेल्या बाईला तेवढं पाठ राहणारच. काकूंनी आपली कमळं स्वतःच्या हाताने झाडली, सुस्कारा सोडला आणि सासूबाई सांगतील तशी नवी रेघ ओढली. रेघ इतकी बारीक आणि स्वच्छ, की सासूबाईंना म्हणावंच लागलं, "हात चांगला हाय तुमचा." काकू खूश झाल्या. दोघींची मैत्री तिथेच जमली.

मिस्त्रीकडे नळीचा दुसरा तुकडा होता. या वेळी ती बसली. दोन्ही तोंडं घट्ट केली, टाकीत पेट्रोल ओतलं, बॅटरीची वायर लावली. सासूबाई परत डोळे मिटून गाडीभोवती फिरायला लागल्या. पार्किंगमध्ये एव्हाना वीसेक माणसं जमली होती आणि सगळ्यांचे डोळे त्यांच्या नाकावर होते.

तेवढ्यात काकू घरातून ताट घेऊन आल्या. हळद, कुंकू, अक्षता आणि मधोमध पेटतं निरांजन. "गाडीला ओवाळते," म्हणाल्या.

"इजवा!" सासूबाई अशा ओरडल्या, की खांबावरची कबुतरं उडाली.

सकाळपासून बादली धरून उभा असलेला वॉचमन याच क्षणाची वाट बघत होता. त्याने आव बघितला ना ताव, अख्खी बादली रिकामी केली. निरांजन विझलं. ताटही बुजलं. काकू बाजूला सरकल्या होत्या, त्यामुळे उरलेली वाळू माझ्या डोक्यावर, शर्टात आणि, तोंड उघडं असल्यामुळे, तोंडात गेली. मिस्त्री गाडीला टेकून इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. वॉचमन विचारत होता, "साहेब, बराबर झालं ना?"

मी थुंकत थुंकत म्हणालो, एकदम बरोबर.

सासूबाईंनी फेरी पुरी केली, मागच्या चाकापाशी जरा जास्त थांबल्या आणि मान हलवली. "काय बी वास न्हाई. लावा चावी."

गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. काकूंनी वाळूतून चिमूटभर कुंकू शोधून बॉनेटला लावलं.

पुढच्या आठवड्यात मिस्त्री परत आला. मी ऑफिसला निघालो होतो. म्हणालो, "गाडी मस्त चालतेय."

"गारी ऱ्हाऊ द्या. मावशी हाय का घरान? एका होरीचा डिझेल गलतं, कुठशी त्या गावत नाय."

सासूबाई तयारच होत्या. त्यांनी नवं लुगडं नेसलं आणि काकूंनाही बरोबर घेतलं. सासूबाईंनी उभ्या आयुष्यात होडीत पाय ठेवला नव्हता. संध्याकाळी मी ऑफिसातून आलो तेव्हा दोघी सोफ्यावर बसून चहा पीत होत्या. गळती सापडली होती. दोन मिनिटंही लागली नाहीत म्हणे. मिस्त्रीने मग त्यांना खाडीत थोडं फिरवूनही आणलं.

"कसं वाटलं, आई?" मी विचारलं.

सासूबाईंनी बशी खाली ठेवली. "पाणी लई हाय," त्या म्हणाल्या, आणि काकूंकडे वळून उद्या किती वाजता निघायचं ते ठरवायला लागल्या. मिस्त्रीने अजून चार होड्या सांगून ठेवल्या होत्या.